काळ्या बत्तीचा उजेड

आबा,

आज तळेगावला डोळे दाखवून आलो. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय आणि डावाही त्याच वाटेवर आहे म्हणे. डॉक्टरीणबाई वयाने तुमच्या नातीएवढ्या, पण बोलायला शांत. ऑपरेशन पुढच्या गुरुवारी. सकाळी जायचं आणि दुपारी जेवायला घरी यायचं, इतकं ते आता सोपं झालंय. जुनं भिंग फोडून ओढून घेतात आणि त्याच जागी नवं बसवतात. तुमची सून खूश आहे, कारण हल्ली मी तांदूळ निवडायला बसलो की खडे ताटात राहतात आणि तांदूळ केरात जातात, असं ती येईल-जाईल त्याला सांगते. मी मात्र आल्यापासून ओसरीवर बसून आहे. जेवण गेलं नाही. मी ऑपरेशनची धास्ती घेतली असं तिला वाटतंय आणि मीही तिला तसंच वाटू दिलंय, कारण खरं सांगायचं तर फार मागून सुरुवात करावी लागेल आणि तेवढा दम आज माझ्यात नाही. तुम्हाला मागचं सगळं ठाऊक आहे, म्हणून तुम्हाला लिहितोय.

निघता निघता मी सहज विचारलं, "ऑपरेशननंतर उजेड फार होतो का हो? माझ्या वडिलांना व्हायचा." त्यांनी विचारलं, कधी झालं होतं, कसं झालं होतं. मी म्हटलं, चाळीस वर्षं होत आली, लोणावळ्याच्या शिबिरात झालं, भिंग काढून टाकलं आणि जाड काचेचा चष्मा दिला, आत काही बसवलं नाही. त्यांनी लिहायचं थांबवलं. "मग त्यांना निळसर पांढरा उजेड दिसत असणार," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिलो. तुमचे शब्द होते ते, आबा. 'निळं-पांढरं'. मग त्यांनी मला समजावलं, की जांभळ्याच्याही पलीकडे एक उजेड असतो, अतिनील म्हणतात त्याला. तो उन्हात असतो, काही दिव्यांत असतो. माणसाला तो दिसत नाही, कारण डोळ्यातलं भिंग त्याला दारातच अडवतं. मागच्या पडद्याला तो थोडाफार कळतो, पण पडद्यापर्यंत तो पोचतच नाही. भिंगच काढून टाकलं तर मात्र पोचतो. मी दोनदा विचारलं, "म्हणजे खरंच दिसतो? भास नव्हे?" त्या म्हणाल्या, "भास कसला, काका? उजेड तिथे असतोच. आपल्याला दिसत नाही, एवढंच." बाहेर पुढचा पेशंट खोकत होता म्हणून मी उठलो. एका परक्या मुलीने तुम्हाला न बघता दोन मिनिटांत तुमच्यावर विश्वास ठेवला. मी तुमचा मुलगा, तुमच्या शेजारच्या खोपटात बसून तेच काम करणारा, मला ते दोन महिन्यांत जमलं नाही.

खोपटच म्हणायचो आपण त्याला. साहेबलोक बूथ म्हणत. कारखान्याच्या तपासणी खात्यात तसली दोन खोपटं होती, तिन्ही बाजूंनी पत्रा, पुढे काळ्या कापडाचा दुहेरी पडदा, आत एक टेबल आणि टेबलावर टांगलेली काळी बत्ती. भट्टीतून ठोकून आलेले इंजिनाचे रॉड आपल्याकडे येत. रॉडमध्ये वीज सोडून त्याचं लोहचुंबक करायचं, त्यावर पावडर कालवलेलं तेल ओतायचं, आणि मग अंधारात काळ्या बत्तीखाली फिरवून बघायचं. कुठे केसाएवढी चीर असेल तर पावडर तिथे गोळा होते आणि हिरव्या दोऱ्यासारखी चमकते. बत्ती टाकते तो हाच अतिनील उजेड, म्हणून तिचा स्वतःचा उजेड दिसत नाही, तिच्या तोंडावरच्या काळ्या काचेमागे नुसतं मंद जांभळं काहीतरी असतं. मी नवीन आलो तेव्हा तुम्ही मला पहिलं काय शिकवलंत, तर बसायला. आत गेल्या गेल्या तुकड्याला, म्हणजे रॉडला, हात लावायचा नाही. डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात त्रिसरण पंचशील म्हणायचं, सावकाश, एकेक शब्द घेऊन. ते संपलं की डोळे अंधाराला सरावलेले असतात. "घाई केलीस तर चीर बी घाईनं निसटती," असं तुम्ही म्हणायचात. पलीकडच्या पाळीचा तळेगावचा भट मारुतीस्तोत्र म्हणायचा, त्यालाही तुम्हीच तो वेळ मोजून दिला होता. स्तोत्र लवकर संपतं म्हणून त्याने ते दोनदा म्हणायचं, असं ठरलं होतं.

तुमचा आकडा सतरा. तपासून झालेल्या रॉडवर पोलादी पंच धरायचा, हातोडीचा एक ठोका द्यायचा, सतरा उमटायचे. पुढचे लोक म्हणत, सतरा असतील तर डोळे झाकून बसवा. आजोबांनी दिलेल्या वस्तूला गावात कोणी हात लावत नसे, हे तुम्ही एकदाच मला सांगितलं होतंत, मळवलीच्या फाटकापाशी गाडी जायची वाट बघत असताना, आणि लगेच म्हणाला होतात, "आता सतरा बगून घेत्यात."  भाज्याहून मळवलीला आणि तिथून गाडीने कारखान्यात जाताना तुम्ही ताठ का चालता, ते मला त्या दिवशी समजलं होतं. तुमच्याकडे शिक्षण सातवीपर्यंतचं, जमीन नावापुरती. तुमच्यापाशी नजर होती. घर त्या नजरेवर चाललं होतं आणि मान वर होती तीही तिच्यामुळेच.

तरुणपणी तुम्ही भट्टीपुढे काढलेली वर्षं असतील की आणखी काही, पन्नाशीतच डोळे गेले. डावा पांढरा झाला तेव्हा तुम्ही कुणाला कळू दिलं नाही. उजव्यावर धुकं आलं तेव्हा आईने ओळखलं, कारण तुम्ही भाकरीला आधी बोटं लावून बघायला लागला होतात. मग लोणावळ्याचं शिबिर. शाळेच्या हॉलमध्ये ओळीने सतरंज्या, डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या आणि मानेच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही, खोकायचं नाही. आई सकाळच्या गाडीने भाकरी घेऊन यायची आणि घास करून भरवायची, आणि तुम्ही पट्टीखालून मला विचारत होतात, "ह्या टायमाला भट्टीतून माल किती आलाय रं?" शेजारचा कार्ल्याचा म्हातारा म्हणाला, "भाऊ, डोळं तुमचं ऑपरेशनचं आन ध्यान कारखान्यात." तुम्ही हसलात तर नर्स ओरडली. दीड-दोन महिन्यांनी चष्मा आला, बाटलीच्या बुडाएवढा जाड, त्यातून तुमचा डोळा वासरासारखा मोठा दिसायचा. कारखान्याच्या डॉक्टरपुढे तुम्ही तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचलात. मी दारात उभा होतो. तुम्ही बाहेर आलात आणि माझ्या पाठीवर एक थाप मारलीत, एवढा आनंद मी तुमच्या तोंडावर परत बघितला नाही.

आणि त्याच पाळीत तुम्ही पडद्याबाहेर येऊन म्हणालात, "बत्ती बदलली का रं? पांढरी झालीया." कोणी बदलली नव्हती. तुम्ही म्हणालात, "मंग वरची काच तडाकली आसंल, आतला उजेड भाईर येतुया." ते खरं तर शहाण्या माणसाचं बोलणं होतं, कारण काच तडकली की तसंच होतं. वायरमन आला, त्याने काच काढून खिडकीपाशी धरली, सगळीकडून बघितली. धड होती. दुसऱ्या दिवशी तुमच्या सांगण्यावरून दुसरी काच घातली, तरी तेच. "टेबल चमकतंय, माजा हात चमकतुया, रॉड निळा-पांढरा दिसतुया. चीर त्यात कुटं हुडकू?" मी आत डोकं घालून बघितलं तर नेहमीचा मिट्ट काळोख. मग तुमच्या मनाने घेतलं की उजेड बाहेरून येतोय, पडद्याला कुठेतरी भोक आहे. इथे मला आज सगळ्यात जास्त लागतं, आबा. ज्या माणसाने आम्हाला शिकवलं की काळी बत्ती उजेड देत नाही, त्याचा स्वतःच्या शिकवण्यावर एवढा विश्वास, की समोर बत्ती ढळढळीत पेटलेली दिसत असतानाही त्याने दोष पडद्याला दिला. आईने जुन्या छत्रीचं कापड उसवून दिलं. तुम्ही जेवणाच्या सुट्टीत सुई-दोरा घेऊन पडद्यावर ठिगळं लावत बसायचात. पत्र्याच्या फटींत तुम्ही चिंध्या कोंबल्यात आणि वरच्या बाजूला गोणपाट टाकलंत. पोरं हसायला लागली. "आबांनी खोपटाचं घुबडाचं घर केलं," असं भट म्हणाला आणि मीही हसलो. सगळ्यांसारखा हसलो, त्यात माझं काय गेलं, असं तेव्हा वाटलं.

पुढच्या खात्यातून सतराचे दोन रॉड परत आले. चीर असलेले. ही गोष्ट लहान नव्हती, हे तुम्हीच मला शिकवलेलं. तसला रॉड घाटात चालत्या गाडीत तुटला तर पुढे काय, ते सांगायला नको. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने मला कोपऱ्यात घेतलं आणि म्हणाला, "वडिलांचा बोभाटा करायचा नाहीये मला. पण खात्री करावी लागेल. बाहेरच्या माणसाने केलं तर चर्चा होईल, तू कर." करायचं काय, तर चीर असलेला एक रॉड तुमच्या ताटात ठेवायचा आणि तुम्ही काय करता ते बघायचं. मी नाही म्हणू शकलो असतो. मी अजून कायम झालो नव्हतो, हे एक कारण झालं. दुसरं कारण मी कधी कोणाला सांगितलं नाही, की मलाही खात्री करून घ्यायची होती. घरी येताना तुम्ही रोज उजेड, उजेड करत होतात आणि मी कंटाळलो होतो. तुमची नजर गेलीय आणि तुम्ही ते कबूल करत नाही, एवढंच मला दिसत होतं.

तर मी पडद्याबाहेर उभा आहे. ताटात आठ रॉड आहेत आणि माझा सहावा आहे. आतून ठोका ऐकू येतो. एक, दोन. तिसऱ्याला बराच वेळ लागतो. चौथा, पाचवा. मग शांतता. मला आठवतं, मी तेव्हा मनात म्हणत होतो, फेकून द्या, आबा, बाजूला फेका. आणि ठोका पडला. साहेबाने पडदा सारला, पुढच्या पाळीला आलेल्या भटाला बोलावलं, सहावा रॉड बत्तीखाली धरला. भटाला दिसली, मला दिसली, तेलाच्या भोकापाशी वळणावर हिरवी रेघ, बोटाच्या पेराएवढी. तुम्ही चष्मा पुसलात, वाकलात, परत वाकलात. "हितं? हितं तर समदंच चमकतंय, सायेब." साहेब हळू म्हणाला, "आबा, चष्म्याचा नंबर बघून घ्या एकदा." तुम्ही म्हणालात, "नंबर बरूबर हाय. तक्ता वाचलाय म्या." मग तुम्ही रॉड हातात घेतलात आणि त्यावरून अंगठा फिरवलात, आणि तुमचा चेहरा बदलला. "ह्यो माल नवा न्हाई. ह्याला आदी एकदा तेल लागून वाळलंय. ह्यो एकदा तपासून झालाय."  तपासणारी खोपटं दोनच, आणि आपल्या पाळीला दुसऱ्यात मी बसायचो. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, त्या जाड काचेतून, मोठ्या डोळ्याने. रॉड टेबलावर ठेवलात, सावकाश, वाजू न देता.

त्या दिवशी मळवलीला उतरल्यावर आपण भाज्यापर्यंत चालत आलो. भाताच्या आवणाची हिरवी खाचरं दोन्ही बाजूंना होती, इंद्रायणीच्या पुलावर बायका धुणं आपटत होत्या. मी वाट बघत होतो की आता बोलाल, आता बोलाल. वेशीपाशी आल्यावर तुम्ही म्हणालात, "तुकडा बरूबर निवडलास. वळणावरचीच चीर आवगड आसती." एवढंच. त्यापेक्षा मला चार मुस्कटात मारल्या असत्यात तर मी कधीच विसरून गेलो असतो. दुसऱ्या आठवड्यात तुम्हाला गेटवर घेतलं, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांचे नंबर वहीत लिहायला. सतराचा पंच तुम्ही रुमालात बांधून साहेबाला दिलात आणि साहेबाने तो तुमच्या जागी आता मी म्हणून मला दिला. तीस वर्षं मी सतरा मारले. सुरुवातीला लोक म्हणत, वडिलांचा आकडा चालवतोय पोरगा. नंतर तेही म्हणायचं कोणाला आठवलं नाही.

तुम्हाला त्या उजेडाचं सुखही मिळालं, हे मी विसरता कामा नये. भाद्रपदात विसापूरच्या उतारावर सोनकी फुलायची तेव्हा तुम्ही सुट्टीच्या दिवशी बांधावर जाऊन बसायला लागलात. आधी कधी फुलाकडे बघणारा माणूस नव्हे तुम्ही. आईला हाका मारायचात. "आगं, ही पिवळी न्हाई. मधी पिवळी हाय, कडंला येगळीच हाय, चांदण्यावानी." आई पदराने घाम पुसत म्हणायची, "लोकांस्नी कावीळ झाली म्हंजी समदं पिवळं दिसतं. तुमची कावीळ उलटीच हाय, पिवळं आसंल ते बी दिसंना." तुम्ही न चिडता फूल तिच्या नाकाशी धरायचात. "माशीला इचार. ती बग कशी बरूबर मधी उतारती, कडंला फसत न्हाई. तिला ठावं हाय." माझ्या नातवाच्या शाळेच्या पुस्तकात आता एक चित्र आहे, फुलं आपल्याला कशी दिसतात आणि मधमाशीला कशी. मागच्या वर्षी त्याने मला ते दाखवलं होतं आणि मी हं हं करून पान उलटलं होतं. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. माणूस एकदा ठरवून बसला की त्याच्यापुढे पुस्तक धरूनही उपयोग नसतो.

मघाशी उठता उठता काळ्या बत्तीचं सांगून डॉक्टरीणबाईंना मी आणखी एक विचारलं होतं, की मग त्यांना त्या बत्तीपुढे काम करता आलंच नसतं का. त्या म्हणाल्या, "का नाही? फिका पिवळसर चष्मा लावला असता, तो उजेड अडवणारा, तर भागलं असतं. उलट लावायलाच हवा होता, तसला उजेड आतल्या पडद्याला चांगला नसतो." आबा, तो चष्मा माझ्याकडे होता. तुम्ही गेटवर गेल्यावर चार-पाच वर्षांनी बाहेरच्या देशातल्या गिऱ्हाइकाने नियम पाठवले, त्यात होतं की काळ्या बत्तीपुढे बसणाऱ्याने पिवळा चष्मा लावायचा. सगळ्यांना मिळाले. मी तो गळ्यात अडकवून रोज तुमच्यासमोरून जात होतो. एकदा तुम्ही तो माझ्या गळ्यातून काढून घेतलात आणि विचारलंत, "ह्यो कशाला रं?" मी म्हटलं, "नियम आलाय." तुम्ही तो उलटासुलटा बघितलात, तुमच्या चष्म्यावर धरणार होतात, तेवढ्यात ट्रकवाल्याने हॉर्न दिला आणि तुम्ही तो माझ्या हातात देऊन वही उचललीत. धरला असतात तरी तिथे उन्हात काय कळणार होतं? आत यायला हवं होतं, खोपटात. मी बोलवायला हवं होतं. चला आबा, एकदा बसून बघा, एवढं म्हणायला माझी जीभ पाच वर्षांत उचलली नाही. गेटवरून तपासणी खातं दोनशे पावलांवर होतं.

मला स्वतःला फार कोसायचं नाहीये. त्याचाही कंटाळा आलाय. त्या वेळी आपल्याला हे कोण सांगणार होतं? साहेबाला ठाऊक नव्हतं, कारखान्याच्या डॉक्टरलाही सुचलं नाही. चीर असलेला रॉड चीर असलेलाच होता आणि तो पुढे जाऊ दिला नाही हे बरोबरच झालं. तुम्हाला तिथून हलवायलाच हवं होतं, निदान चष्मा येईपर्यंत. एवढं सगळं मी ओसरीवर बसून स्वतःला दुपारपासून सांगतोय. तुमची सून मघाशी येऊन चहा ठेवून गेली, तो तसाच आहे. म्हणाली, "बोला तरी काय ते." मी म्हटलं, काही नाही, आबांची आठवण आली. ती म्हणाली, "मग त्यात तोंड पाडायचं काय? देवमाणूस होता." गुरुवारी माझ्या डोळ्यात जे भिंग बसणार आहे, त्यातच तो उजेड अडवायची सोय केलेली असते म्हणे. म्हणजे तुम्हाला जे दिसलं ते मला कधीच दिसणार नाही. मी विचारलंही, तसं न अडवणारं मिळतं का. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "काका, तुम्हाला कशाला हवंय?"

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? घडी करून टेबलाच्या खणात ठेवीन. पण लिहायला बसलो ते ज्यासाठी, ते अजून लिहिलेलंच नाही. तुम्ही पडद्याला ठिगळं लावत होतात तेव्हाची गोष्ट. एके दुपारी तुम्ही मला म्हणालात, "तुजी नजर तरणी हाय. तू आत बस, म्या भाईरनं पडद्यावर हात फिरिवतो, कुटं उजेड हालतोय का बग. नीट बग." मी आत गेलो. तुम्ही बाहेरून बराच वेळ हात फिरवत होतात, वरून खाली, एकेक वीत. मग मी बाहेर येऊन म्हटलं, "आंधारच हाय, आबा. कायबी न्हाई." तुम्ही शेवटच्या दुखण्यात अंथरुणावर होतात तेव्हा, आई शेजारी गेली होती, तुम्ही डोळे न उघडता परत तेच विचारलंत. "त्या वक्ताला तू आत बसलातास. खरंच काय नव्हतं दिसत?" मी म्हटलं, "न्हाई आबा. म्या नीट बगितलं व्हतं." तुम्ही म्हणालात, "मंग माजीच नजर गेलती म्हणायची." आणि ते मानून तुम्ही गेलात. मी बघितलं असतं तरी मला काळोखच दिसला असता, हे आज मला पक्कं कळलंय, त्यामुळे माझं उत्तर बदललं नसतं. पण आत गेल्यावर मी पत्र्याला टेकून चपलेचा तुटलेला अंगठा बांधत होतो, आबा. पडद्याकडे मी बघितलंच नव्हतं.